पोत्याचं पोलकं

आबारावकाकांनी अंक हातात घेतला, मुखपृष्ठ पाहिलं आणि तो पालथा करून मांडीवर ठेवला.

अयोध्या समोरच बसली होती. गेले तीन महिने हा क्षण तिनं नाना तऱ्हांनी मनात पाहिला होता. काका चष्मा लावतील, अंक लांब धरून 'काठपदर, सिताबाई विशेषांक' असं मोठ्यानं वाचतील आणि मग बराच वेळ बोलणार नाहीत. त्यातलं शेवटचं तेवढं खरं झालं.

बाहेर मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. चार वाजता आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम. वंदना, कुणाचे दोन शब्द, मग अंकाचं वाटप, मग जेवणं. बसवराज फोटोग्राफर सोलापूरच्या छापखान्यातून तीन गठ्ठे घेऊन सकाळच्या गाडीनं अणदूरच्या फाट्यावर उतरला होता आणि तिथून बैलगाडीनं वाडीत आला होता. गठ्ठ्यांची सुतळी आत्ताच कापली होती. ओसरीभर शाईचा वास होता.

"कुणी काढला ह्यो फोटू?"

"बसवराजअण्णांनी. दुष्काळात, पाझर तलावाच्या कामावर. त्र्याहत्तर साली."

"आन छापायचा कुणी ठरिवला?"

"मी."

काकांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती. सोलापूरच्या गिरणीत मागावर तीस वर्षं काढलेला हा माणूस. गावी परत येऊन चार वर्षं झाली तरी पांढरा सदरा रोज स्वतः इस्त्री करून घालत होता.

"तुज्या आयला जाऊन साल झालं," ते म्हणाले, "आन तू तिला पोत्याच्या पोलक्यात गावाफुडं हुबी केलीस."

"काका, ते पोलकं नीट बघा तरी..."

"बघितलं म्या. बाबासाहेबांनी आपल्या बायकांना काय सांगितलं? नेटकं नेसा. कापडावरनं तुमची वळख कुणाला पटू नये. माज्या आयनं ते कुणाच्या तरी तोंडून आयकलं आन त्याच दिशी हातातले कथलाचे वाळे काढून आडात टाकले. तवापास्नं ह्या घरची बाई गबाळी भायेर पडली न्हाय. तुजं तर मासिकच कापडाचं. तुला यवडं कळू न्हाय?"

अयोध्यानं कापलेल्या सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

'काठपदर'ला सगळे मासिक म्हणत. पण महिन्याच्या महिन्याला ते कधीच निघालं नव्हतं. धाराशिवच्या शाळेत मुलींना मराठी शिकवता शिकवता अयोध्यानं पाच वर्षांत आठ अंक काढले होते, हा नववा. माणसं काय नेसतात, कसं नेसतात, भिंती कशा सारवतात आणि त्यावर काय काढतात, एवढाच त्याचा विषय. एक अंक चोळीच्या कापावर होता, एक गोंदणावर. नळदुर्गच्या बसवराजच्या स्टुडिओत फोटोमागं लावायचे पडदे असत, त्यांवर ताजमहाल, धबधबा, एकावर तर विमान. त्या पडद्यांचा अंक सगळ्यात जास्त गाजला. पुण्याहून चित्रकारांची पत्रं आली. वाडीत मात्र लोक म्हणत, गोरोबाच्या लेकीनं कापडालत्त्याची पोथी काढलीय.

गोरोबा, म्हणजे अयोध्याचे वडील, लवकर गेले. आईनं हातमशीनवर गावाची शिवणं शिवून दोन्ही लेकरं वाढवली. आईला वाचता येत नव्हतं. पण छापण्याआधी प्रत्येक अंक तिच्यापुढं पसरावा लागे. ती चित्रं बघे. "ही बाही उलटी दावलीस बग," असं म्हणे, आणि ते खरं असे. "लिवणं तुजं, बघणं माजं," हा दोघींचा करार होता.

आता भिंतीवर हार घातलेला जो फोटो होता, तो बँकेच्या पासबुकावरचा मोठा करून घेतलेला. रंगवणाऱ्यानं आईला आयुष्यात कधी न नेसलेलं हिरवं पातळ नेसवलं होतं आणि डोळे दुसऱ्याच कुणाचे काढले होते. त्या फोटोसमोर अयोध्याला रडू येत नसे. म्हणून तर आई गेल्यावर दोन महिन्यांनी, बसवराजच्या जुन्या पेट्यांत दुष्काळातले फोटो चाळताना, हा एक फोटो हातात आला तेव्हा ती स्टुडिओतच खाली बसली होती. बंधाऱ्याच्या उतारावर पाठमोरी बाई. डोक्यावर मातीची पाटी, पदर कमरेला खोचलेला. अंगात अमेरिकेच्या मदतीच्या पिठाच्या पोत्याचं पांढरं पोलकं, आणि त्या पोत्यावर छापलेलं हातात हात धरल्याचं चित्र बरोब्बर पाठीच्या मधोमध, सरळ. त्र्याहत्तर साली अयोध्या धाराशिवला कॉलेजच्या वसतिगृहात होती. एकदाच, चार दिवसांच्या सुट्टीला ती वाडीत आली, तेव्हा हे पोलकं तिनं आईच्या अंगात पाहिलं होतं. ते तिनं कुठंही ओळखलं असतं.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा," तिनं बसवराजकडं पाहिलं.

बसवराज खांबाला टेकून चहा पीत होता. "मी काय सांगू ताई? बायका म्हणाल्या, तोंड नको, मागनं काढ. मी मागनं काढलं. मागनं काढलं तरी भांडणं तोंडानंच होतात की!"

कुणी हसलं नाही.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ, तात्याराव, आला. सकाळपासून त्याची पायाला भिंगरी लागल्यागत धावपळ चालली होती. सतरंज्या, पाण्याची पिंपं, भटारी, आणि या सगळ्याच्या वर महालिंगप्पा. सूतगिरणीचे चेअरमन महालिंगप्पा चार वाजता स्वतः येणार होते. गिरणीच्या संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती, राखीव जागेसाठी पॅनेलमध्ये तात्यारावचं नाव चर्चेत होतं आणि यादी सोमवारी पक्की व्हायची होती. आज रविवार.

त्यानं काकांच्या मांडीवरचा अंक उचलला, उलटा केला. त्याचा चेहरा आधी नुसताच गोंधळला.

"आय हाय ही?"

"हो."

"अयोध्ये, तुला कळतंय का गं काय केलंस?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सूतगिरणीचा डायरेक्टर हुयाला निघालोय म्या. आन चेअरमनच्या हातात काय देऊ? ही बगा माजी आय, पोतं घालून? उद्या पॅनेलची माणसं म्हणतील, ह्याला सूत कशाला, गोणपाट द्या."

"दादा, दुष्काळ काय आपल्या एकट्याच्या घरी होता? त्यांच्याही गावात..."

"त्यांच्या बायकांचा फोटू हाय का कुणाकडं? न्हाय. आपलाच हाय. आन आपणच छापायचा." तो गठ्ठ्यांपाशी वाकला. "ह्यातला एकबी अंक आज भायेर जाणार न्हाय."

"तो माझा अंक आहे."

"आन ती माजीबी आय हाय!"

तात्यारावनं एकामागून एक तिन्ही गठ्ठे उचलून आतल्या खोलीत नेले. कुलूप लागल्याचा आवाज झाला. किल्ली त्यानं बायकोला, सरूला दिली, कारण त्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता. तो सदरा त्यानं चेअरमनसाठी नवा शिवून घेतला होता, आणि शिंपी घाईत खिसा विसरला होता. आई असती तर तिनं तो उंबऱ्यातच परत पाठवला असता.

"काका, बरूबर हाय न्हवं?" तात्याराव म्हणाला.

"बरूबर हाय," काका म्हणाले.

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

मागच्या दारी, लिंबाच्या सावलीत, मथुराकाकू तांदूळ निवडत बसली होती. आबारावकाकांची बायको. काका सोलापूरला असताना ही इथं वाडीतच राहिली, आईच्या संगतीनं. चूलही कैक वर्षं एकच होती. आईच्या शेवटच्या आजारात तिला अंघोळ घालणारी हीच. अयोध्या तिच्याजवळ जाऊन बसली आणि सुपातले खडे वेचू लागली. लक्ष ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे खड्यांबरोबर तांदूळही बाहेर पडत होते.

"ऱ्हाऊ दे, म्या करते," काकू म्हणाली.

"काकू, तुम्ही होता ना कामावर आईबरोबर? तुम्ही काकांना सांगा. तुमचं ते ऐकतील. तिनं त्या पोत्याचं काय केलं होतं, ते त्यांना दिसतच नाहीये. मी आत तीन पानं लिहिलंय त्याच्यावर. ते हात बरोबर मधे आणलेत, अक्षरांची पट्टी कापून दोन्ही बाह्यांना काठासारखी लावलीय, काखेत जादा कापडाची कळी घातलीय, पाटी उचलताना हात मोकळा राहावा म्हणून..."

"हात मोकळा ऱ्हावा म्हणून न्हाय."

"मग?"

काकूनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. घाम नव्हता.

"मला इचारू नगस बाई."

"काकू, आता चार वाजता लोक येणार आहेत. मला कळू द्या."

"कळी घातली ती म्या तिच्यापरास आडवी व्हते म्हणून." काकू तांदळाकडं बघून बोलत होती. "पोतं एक घावलं, त्यात पोलकं एकच निगालं. जुनी व्हती ती पार इरून गेली व्हती, टाका धरंना. मग तिनं दोगींच्या अंगाला बसंल असं शिवलं. एक दिस ती कामावर जायची, एक दिस म्या. जी घरी, तिनं लुगडं लपेटून आतल्या अंगाला बसायचं. कुणी आलं तर भायेर यायचं न्हाय. तू सुट्टीला आलीस न्हवं, ते चार दिस म्या आत व्हते. तुला सांगितलं, काकू आजारी हाय."

अयोध्याला आठवलं. दाराआडून काकूचा आवाज आला होता, बरं हाय का पोरी. आणि ती आत गेली नव्हती. आईनं जाऊ दिलं नव्हतं.

पुढचं विचारायला तिला धीर होईना. पण प्रश्न आता तिच्या हातात राहिला नव्हता.

"काकू, फोटोत कोण आहे?"

काकूनं डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराखाली गोंदलेला विंचू, नांगी वर वळलेली. अयोध्यानं तो शंभरदा पाहिला होता. गोंदणाच्या अंकात तो छापलाही होता. आईच्या अंगावर मात्र गोंदण नव्हतं. सुईच्या भीतीनं ती लहानपणी गोंदणारणीच्या हातून पळाली होती, ही गोष्ट ती स्वतःच हसून सांगे.

"पण फोटोत तर..." अयोध्या म्हणाली, आणि थांबली.

ती उठून ओसरीवर आली. "अण्णा, मूळ फोटो आहे तुमच्याकडं?"

बसवराजनं पिशवीतून पुठ्ठ्यांच्या मधे जपून ठेवलेला फोटो काढून दिला. पाटीला धरलेल्या डाव्या हाताच्या कोपराखाली एक काळा ठिपका होता. वळलेला, नांगीसारखा.

"छपाईचा ब्लॉक करणाऱ्यानं विचारलं होतं की ताई," बसवराज हळू आवाजात म्हणाला. "निगेटिव्हवर डाग पडलाय, ठेवू का काढू? तुम्हीच म्हणाला, काढा."

ती म्हणाली होती. तिला तो मजकूर पत्रासकट आठवला. 'कोपराजवळचा डाग काढावा, बाकी काहीही बदलू नये.' तिनंच.

आत माजघरात सरूवहिनी काहीतरी कुटत होती, ते थांबलं. तात्याराव मांडवातून आला. काकू हात पुसत मागून आली आणि दारातच उभी राहिली. अयोध्यानं मूळ फोटो काकांच्या हातात दिला आणि जेवढं आत्ता ऐकलं होतं तेवढं सांगितलं. सांगताना तिचा आवाज वर्गात धडा समजावताना असतो तसा सपाट होता. दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला ते सांगता आलं नसतं.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही तू हायस?"

"व्हय," काकू म्हणाली.

"त्र्याहत्तर साली."

"व्हय."

"त्र्याहत्तर साली म्या दिसाचे आठ-आठ तास मांजरपाट विणत व्हतो," काका म्हणाले. ते कुणाला सांगत होते ते कळत नव्हतं. "चार-चार माग बघायचो. ठाणच्या ठाण. मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? तुमचं पत्र यायचं, मास्तरकडनं वाचून घ्यायचो. नीट ऱ्हावा, नेटकं ऱ्हावा. सिताबाई म्हणायची, बग, भावजी काय म्हणत्यात. आमी ऱ्हायलो की नेटकं. एक दिस ती, एक दिस म्या." काकू जरा थांबली. "दिवाळीला तुमी दोन पोलक्यांचं कापड आणलं, तवा तिनं ते पोत्याचं उसवून गोधडीला लावलं. तुमाला दिसू न्हाय म्हणून."

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

पहिला भानावर आला तात्याराव. "म्हंजी नावबी चुकलं. झालं मग. आता तर वाटायचा प्रश्नच न्हाय."

"नाही वाटायचा," अयोध्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तात्यारावही चकित झाला. एवढ्या सहज जिंकायची त्याला सवय नव्हती.

"दादा म्हणतो ते बरोबर आहे. आईच्या नावाचा अंक, आणि त्यात आईच नाही. मी लेखात काय काय लिहिलंय... आईच्या खांद्यांबद्दल, आईच्या मानेबद्दल. मी वर्षभर ज्या..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग काकूकडं वळली. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी फोटो घेऊन पहिल्यांदा तुमच्याकडंच आले होते."

"तू इचारायला कुटं आली व्हतीस?" काकू म्हणाली. "दारातनंच म्हणालीस, काकू, बगा, आई सापडली. आन माज्या गळ्यात पडून रडलीस. साऱ्या मैतीत तू रडली नव्हतीस. म्या काय म्हणायचं? न्हाय, ही तुजी आय न्हवं, म्या हाय? मनात म्हणलं, जाऊ दे. पाठच हाय. तिची म्हणली तर काय झिजती का?"

माजघराच्या दारात सरूवहिनी कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही.

"पर आज तुमी समदे भांडताव," काकूचा आवाज आता वेगळा होता. "हे म्हणत्यात गावाला दावू न्हाय, त्यो म्हणतो चेअरमनला दावू न्हाय, ही म्हणती आता वाटूच न्हाय. कुणाच्या पाठीवरनं चाललंय हे? माज्या. मला कुणी इचारलं का?"

काकूनं एकेकाकडं पाहिलं.

"मग इचारा."

अयोध्यानं विचारलं. "काकू, वाटायचा का?"

"वाटा. पर खरं नाव घालून वाटा. तिच्या नावावर खपायला म्या मेली न्हाय अजून."

"मथुरा," काका म्हणाले, "लोक बगत्याल."

"बगू द्या की. दहा साल मागं बगितलंय त्यांनी, बंधाऱ्यावर. त्यांच्याबी बायका व्हत्याच लायनीत. तुमीच तेवढे बगितलं नव्हतं."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अयोध्ये," ते म्हणाले, "छापलेलं नाव बदलता येतंय का?"

"हातानं. प्रत्येक अंकावर. तीनशे आहेत."

"लिवणारे किती हाईत?"

"काका!" तात्याराव म्हणाला. "आत्ता तर म्हणलाव बरूबर हाय."

"म्हणलो व्हतो. म्या आजवर लई कायकाय म्हणलोय." काकांनी खिशाचं पेन काढून टोपण उघडलं. "किल्ली कुणाकडं हाय?"

किल्ली सरूवहिनीच्या कमरेला होती. ती नवऱ्याकडं बघत होती, नवरा तिच्याकडं. लग्न होऊन आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मशीनवर पाय न लावता हातानं चाक फिरवत सरळ टीप मारायला तिला सासूनं शिकवलं होतं. तिनं काही न बोलता आत जाऊन कुलूप काढलं. तात्याराव उठून मांडवात निघून गेला.

नाव मुखपृष्ठावर फोटोच्या खाली, उजव्या कोपऱ्यात होतं. अयोध्यानं पहिला अंक पुढ्यात ओढला आणि पेन टेकवलं. 'सिताबाई' या चार अक्षरांचा टाइप तिनं स्वतः छापखान्यात बसून निवडला होता. अमुक टाइपात त जरा गुदमरतो म्हणून दोनदा बदलून घेतला होता. तिनं रेघ मारली. रेघ डुगडुगली. वर लिहिलं, 'मथुराबाई'. पहिला अंक बाजूला ठेवला. दुसरा घेतला. दुसऱ्याला रेघ सरळ आली, आणि ते तिला पहिल्यापेक्षा कठीण गेलं.

"आन आत्याबाईचं काय?" सरूवहिनी म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणे. चौथीपर्यंत शिकलेली, पेन तिनं सुईसारखं चिमटीत धरलं होतं. "त्यांचं नाव नुसतं खोडायचं व्हय? शिवलं कुणी, तेबी लिवा की."

अयोध्याचा हात थांबला.

"लिव," काकू म्हणाली. "शिलाई तिचीच हाय."

मग प्रत्येक अंकावर दोन ओळी आल्या. वर 'मथुराबाई', खाली बारीक अक्षरात 'शिलाई – सिताबाई'. काकांचं अक्षर टपोरं, गिरणीच्या ठाणांवर मारतात त्या शिक्क्यासारखं. बसवराजचे ई कानडी वळणाचे. वहिनीची शिरोरेघ तिरपी, पण प्रत्येक अंकावर सारखीच तिरपी. काकू लिहिलेले अंक शाई वाळेपर्यंत एकेक करून सतरंजीवर पसरत होती. बघता बघता ओसरीभर तिच्याच पाठी झाल्या, आणि ती त्यांतून लुगडं आवरून पाय टाकत फिरत होती.

"आतल्या लेखाचं काय करू?" अयोध्यानं एकदा विचारलं. "तो तर सगळाच चुकलाय."

"किती पानं हाईत?"

"तीन."

"मग ऱ्हाऊ दे. फुडच्या टायमाला नीट लिव. कळीचं तेवढं नीट लिव," काकू म्हणाली.

जेवायला कुणी उठलं नाही. दोन वाजले, अडीच वाजले. लिहिता लिहिता अयोध्याच्या मनात तेच ते येत होतं. दादाचं नाव यादीतून गेलं तर तो तिच्याशी बोलेल का? लोक हसले तर काकू काय करेल? घरात कुणी हे बोलून दाखवत नव्हतं. मांडवातून तात्यारावचा आवाज येत होता, खांब नीट नाही म्हणून तो कुणावर तरी ओरडत होता. खांब नीटच होता.

सव्वातीनला जीपचा आवाज आला. पाऊण तास आधी.

दोनशेच्या आसपास अंक झाले होते. तात्याराव मांडवातून जवळजवळ पळत ओसरीच्या पायरीशी आला, पसरलेले अंक पाहिले आणि तसाच उभा राहिला. ते गोळा करायला वेळ नव्हता. महालिंगप्पा जीपमधून उतरले होते. कपाळाला विभूती, अंगात खादीचा कोट, बरोबर पॅनेलचे दोघं. हात जोडत ते सरळ ओसरीपर्यंत आले.

"जरा लवकर आलो तात्याराव. पुढं ईट गावापर्यंत जायचंय." त्यांची नजर सतरंजीवर गेली. "हे काय मांडलंय?"

महालिंगप्पांनी वाकून एक अंक उचलला, हातभर लांब धरला. पॅनेलच्या दोघांनी त्यांच्या खांद्यावरून मान काढली. त्यातला एक गालात हसला, आणि मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यानं खोकला काढला.

"पोतं आहे की हो हे," महालिंगप्पा म्हणाले. "दुष्काळातल्या सुकडीच्या वक्ताचं. शाई ओली आहे वाटतं. कोण ह्या? मातोश्री का तुमच्या?"

अयोध्याचं पेन एका अंकावर टेकलेलं होतं. तिनं मान वर केली नाही. दादानं आता हो म्हटलं, तर ते सोपं होतं. हे वर्ष तिनं स्वतःही तसंच म्हणण्यात काढलं होतं. नाही म्हणून विषय बदलला, तर तेही सोपं होतं.

"न्हाय साहेब," तात्याराव म्हणाला. त्यानं काकूकडं हात केला. "माजी चुलती हाय. ही काय, हुबी हाय समोर."

महालिंगप्पांनी काकूकडं पाहिलं. काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला, पण ती आत गेली नाही.

"मग मातोश्री?"

"आय त्या दिशी घरात व्हती," तात्याराव म्हणाला. "पोलकं एकच व्हतं."

मग त्यांनी अंक कोटाच्या खिशात घालायला पाहिलं, तो बसेना. शेवटी हातातच धरला. यादीचं ते काही बोलले नाहीत. आत चला, बसा, पाणी घ्या, असं काकाच म्हणाले, आणि पाहुणे आत गेले.

तात्याराव पायरीवर बसला. न झालेल्या अंकांचा एक गठ्ठा अजून शिल्लक होता. त्यानं त्यातला वरचा अंक घेतला, बसवराजकडं हात पुढं केला, पेन मागितलं.

"काय लिवायचं?" त्यानं बहिणीला विचारलं.

अयोध्यानं सांगितलं. तो लिहू लागला. रेघ मारायच्या वेळी मात्र त्यानं अंक तिच्याकडं सरकवला.

"ती तू मार," तो म्हणाला. "माज्यानं व्हणार न्हाय."